रंग धरंना

(कसबा बावडा. घरामागचं अंगण. जुन्या गाडीतनं सोडवून काढलेली ड्रायव्हरची सीट पोत्यावर ठेवलेली.)

गणपतराव : ...ह्याच्या आयला, परत सुटला. बघ की. नुसतं नख लावलं, तर दुधावरची साय निघाल्यागत निघून आला. बाटलीवर लिवलंय, पाच वर्षं रंग जात न्हाय. हितं पाच दिस टिकंना.

अनुजा : आबा, मग नख लावताच कशाला?

गणपतराव : नख नगं लावू तर काय करू? पांढरा लेंगा घालून बसलो आनी मागं तांबडा शिक्का उठला म्हणजे? लोक इचारतील, म्हातारं कुठं बसून आलं.

बनाबाई : चा घ्या. आनी त्या सीटला जरा गप पडू द्या. सकाळधरनं चोळालायसा. जन्मात माझं पाय कधी चोळलं न्हाईत एवढं.

गणपतराव : तुझ्या पायाला भेग पडली तर तू गाव गोळा करतीस. हिला तोंड हाय का? बघ अनू, ही डाव्या अंगाची भेग. एकतीस वर्षं हितनंच उतरलोय मी. पयलं कारखान्याचा ड्रायव्हर म्हणून, मग मालक म्हणून. अंग घासून घासून कातडं कागदागत झालंय.

अनुजा : एकतीस वर्षं कारखान्यात होतात. ही गाडी सोळा वर्षांची आहे.

गणपतराव : तेच की. चेअरमनसायबांनी नवी गाडी घेतली तवा ही लिलावात निघाली. मी म्हणलं, दुसऱ्याच्या हातात जाऊ देणार न्हाय. मास्तरीण झाल्यास म्हणून बापाची बेरीज तपासू नगंस.

अनुजा : बरं, राहिलं. पण सीट धुतली नीट? पुसून घेतली?

गणपतराव : साबणाच्या पाण्यानं धुतली. पॉलिश पेपरनं घासली, सहाशे नंबरच्या. स्पिरिटचा बोळा फिरवला. भेगा बुजवायला लांबी भरली, वाळवली, परत घासली. मग स्पंजानं पातळ पातळ हात दिलं. व्हिडिओतल्या पोरापरास माझा हात हलका हाय. त्याचा रंग बसतोय आनी माझा धरंना.

अनुजा : थांबा. आबा, हिला एरंडेलाचा वास येतोय.

गणपतराव : येणारच. ते माझंच पाप हाय.

अनुजा : म्हणजे?

गणपतराव : आपल्याकडं नवं पायताण घेतलं की काय करतो आपण? रातभर एरंडेल पाजतो. मऊ पडतंय, पाय चावत न्हाय. मी म्हणलं, कातडं ते कातडं. पायातलं काय आनी बुडाखालचं काय. दर दिवाळीला सीटांना तेल पाजलं. सायेब म्हणायचे, गणपत, गाडीत बसलं की बाळंतिणीच्या खोलीत बसल्यागत वाटतंय.

अनुजा : अहो, चपलेचं कातडं उघडं असतं, ते तेल पितं. सीटवर कंपनीचा रंग असतो. तेल भेगांतून खाली जाऊन बसतं आणि वरचं काही धरू देत नाही.

गणपतराव : त्या पोरानं बी तेच सांगितलं. म्हणून तर पयल्या डावाला तुझ्या आईचा पावडरचा डबा सगळा हिच्यावर थापला. पावडर तेल ओढून घेती. दोन दिस ठेवली. कागद दाबून बघितला, डाग न्हाय. कोरडी ठणठणीत! मग रंग दिला. आनी तिसऱ्या दिवशी तेल परत वर. दोन डाव झालं असं. कुठनं येतंय, मला सांग.

बनाबाई : आतनं येत असंल. सोळा वर्षांचं मुरलंय, ते काय दोन दिसांत सरतंय?

गणपतराव : इंजनाला गळती लागली तर मला घावती. ही गळती घावंना. असू दे. आज परत पुसतो, उद्या परत हात देतो. शनिवारच्या आत झालीच पायजे.

अनुजा : शनिवारी काय?

गणपतराव : तेजूला आणायला येणार हाय मी, पेठ वडगावला. तुम्हीच म्हणालासा न्हवं, सीटची स्प्रिंग टोचती, सीट झाल्याबिगार गाडी काढायची न्हाय. बरं, म्हणलं. सहा महिनं दम धरला, स्प्रिंग बदलली, नुसता रंग ऱ्हायलाय. आता सीट झाली की नात शेजारी बसवून रंकाळ्याला नेतो.

अनुजा : शनिवारी तिची परीक्षा आहे, आबा.

गणपतराव : दसऱ्यालाबी परीक्षाच हुती. चौथीतल्या पोरीची परीक्षा हाय का कलेक्टरची?

अनुजा : सारख्या घेतात हल्ली.

गणपतराव : उन्हाळ्यात त्या एका पंक्चरनंतर पोरगी गाडीत बसली न्हाय माझ्या. घरी आली की आजीच्या पदराला. मी म्हणलं, चल तेजू, हॉर्न वाजव. तर म्हणती, आबा, आपण चालत जाऊया. एवढ्या वयाची पोरं चालाय लागली व्हय हौसेनं?

बनाबाई : आवो, बोलत काय बसलासा? केस वाळवायचं मशीन आणा की आतनं. हे ओलं हाय अजून.

गणपतराव : कुठं हाय?

बनाबाई : कपाटात असंल न्हाईतर शिलाई मशीनवर. बघा जावा.

गणपतराव : बघतो. स्पंज पाण्यात टाक तवर, अनू. वाळला तर दगड हुतोय.

अनुजा : ...गेले?

बनाबाई : गेले. आता बोल. किती दिस परीक्षा घेणार हाईस पोरीची?

अनुजा : मग तू सांग ना. डॉक्टरांचा कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय मी. गाडी चालवू देऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय त्यावर. दर वेळी ठरवून येते, आज वाचून दाखवायचा. आणि ते दारात उभे असतात, कापडानं काच पुसत.

बनाबाई : जावईबापूंनी सांगावं. बापय माणसाचं बापय माणसाला पटतंय.

अनुजा : अमरसिंह म्हणतात, तुमच्या वडिलांना तुम्ही सांगा. चिडलेत ते अजून. त्यांची पण लेक आहे, आई. आबा तिला घेऊन बिद्रीहून परत येताना रसवंतीवर थांबले, ती हात धुवायला मागं गेली, आणि येऊन बघते तर गाडी नाही. अडीच तास, आई.

बनाबाई : मला काय सांगतीस. मी हितंच हुतो.

अनुजा : रसवंतीच्या बाईनं तिला शेजारी बसवून घेतलं, तीन ग्लास रस पाजला. माझा नंबर पाठ होता म्हणून निभावलं. मी पोचले तर रडत नव्हती. म्हणाली, आबांना सांगू नको हं, त्यांना वाईट वाटेल. पंक्चर झालं होतं आणि तूच मला परस्पर घरी नेलंस, असं सांगूया. पंक्चर तिनंच काढलं डोक्यातनं. नऊ वर्षांच्या पोरीनं. पण अजून कुठं रसाच्या चरकाचे घुंगरू वाजले की माझा हात दाबून धरते.

बनाबाई : पोरगी शहाणी हाय. तुझ्यावर न्हाय गेली.

अनुजा : आई, आता एक विचारू? खरं सांगशील?

बनाबाई : इचार की.

अनुजा : हे तेल जुनं नाहीये. जुनं तेल काळं, चिकट असतं. हे बोटाला ताजं लागतंय.

बनाबाई : दे तो स्पंज, मी पिळतो.

अनुजा : आई.

बनाबाई : दुपारी जेवण झालं की घटकाभर डोळा लागतोय त्यांचा. तवा मी बोळा फिरवतो. जास्त न्हाय. भेगांपुरतं.

अनुजा : तू? दोन्ही वेळा?

बनाबाई : तीन येळा. रंग धरला की गाडी निघणार. गाडी निघाली की मी काय करू? चाकाखाली झोपू? तू येतीस आनी जातीस. मला चोवीस तास त्या माणसाबरोबर ऱ्हायाचं हाय.

अनुजा : अगं, पण ते रोज नव्यानं घासतायत. बोटं सोलली आहेत त्यांची. बघितलीस का?

बनाबाई : बघितली. हळद मीच लावतो रातच्याला. तेल बी मीच लावतो, हळद बी मीच लावतो. अशी बायको मिळाय नशीब लागतंय.

अनुजा : हसू नको गं.

बनाबाई : रडून झालंय माझं. गप, आले.

गणपतराव : मशीन काय घावलं न्हाय.

अनुजा : राहू दे आबा, उन्हात वाळेल.

गणपतराव : शिलाई मशीनच्या पायाखाली ही बाटली घावली. एरंडेल. निम्मी सरल्या.

अनुजा : चपलांची असेल.

गणपतराव : मी दोन वर्षांत पायताण घेतलं न्हाय. बिलाची चिठ्ठी हाय संगं, गेल्या महिन्यातली. आनी हा बोळा. ह्याला माझ्या सीटचा रंग लागलाय. बनाबाई, इकडं बघ. तू लावालीस?

अनुजा : आबा, आईला वाटलं की सीट मऊ पडेल, म्हणून तिनं...

गणपतराव : तू थांब. मी तिला इचारलंय.

बनाबाई : व्हय. मी लावतो.

गणपतराव : कशाला?

बनाबाई : सीट होऊ नये म्हणून.

गणपतराव : महिनाभर मी हितं गुडघं टेकून बसालोय. रोज म्हणतोय, माझ्या हातात कायतरी कमी पडालंय. तू चा आणून देतीस, बघतीस आनी जातीस. तुला कायच वाटलं न्हाय?

बनाबाई : वाटलं.

गणपतराव : मग?

अनुजा : आबा, तुमचं वय झालंय. रस्त्यावर गर्दी किती वाढलीय. आम्हाला काळजी वाटते, एवढंच.

गणपतराव : अनू, एकतीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडी आली न्हाय. मोतीबिंदू काढलाय, लांबची पाटी वाचतोय. घाटात धुक्यात गाडी काढल्या मी, मागं सायेब घोरत हुते. कुणाला धक्का मारला का मी? मारला असंल तर नाव सांग. आत्ता जाऊन पाय धरतो.

अनुजा : तसं काही नाही.

गणपतराव : मग काय हाय? एक पंक्चर झालं, तर नात गाडीत बसंना, जावई फोन उचलंना आनी बायको चोरून सीटला तेल पाजाली. एका पंक्चरला एवढं हुतंय? मी काय खुळा हाय? बनाबाई, तू कधी माझ्याशी खोटं बोलली न्हाईस. आज बोलू नगंस.

अनुजा : आई, नको. मी सांगते. मी कागद आणलाय, तो वाचते...

बनाबाई : कागद ठेव तुझा. आवो, बसा. त्या सीटवरच बसा, रंग लागला तर लागू दे.

गणपतराव : बसलो. बोल.

बनाबाई : पंक्चर न्हवतं झालं.

गणपतराव : मग?

बनाबाई : बिद्रीस्नं येताना तुम्ही पोरीला रसवंतीवर सोडून आलासा.

गणपतराव : सोडून म्हंजे? कुणाजवळ?

बनाबाई : कुणाजवळ न्हाय. इसरलासा.

गणपतराव : काय तर बोलू नगंस. किल्ली इसरंल माणूस, चष्मा इसरंल. पोरीला इसरंल व्हय मी? माझ्या तेजूला?

अनुजा : आबा...

बनाबाई : घरी आलासा, हातपाय धुतलासा, ताटावर बसलासा. मी दारातनं गाडीत डोकावून आलो. मग तुम्हाला इचारलं, तेजू कुठं हाय. तुम्ही भाकरी मोडत हुतासा. वर बघितलासा माझ्याकडं, चांगलं शांतपणी, आनी म्हणालासा, कोण तेजू?