पैलवानाचा कान

हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. आमच्या पिरंगुटच्या घरात वरच्या खोलीवर आयटीतली दोन पोरं भाड्यानं ऱ्हातात, अकोल्याचा निखिल आन् लातूरचा सुमित. परवा दोघं ओट्यावर बसून एका बॉक्सरवरनं भांडत व्हती.

निखिल म्हणत व्हता, "हलक्या गटातून वर वर जात प्रत्येक वजनात जिंकलाय तो. आजवरचा सगळ्यात भारी तोच."

"कसला भारी!" सुमित म्हणाला. "वरच्या गटात म्हातारे, थकलेले गडी बघून बघून निवडले त्यानं."

काय केल्या मिटंना. तवा निखिल म्हणाला, "आजोबांना विचारू. कान बघ त्यांचा, जुने पैलवान आहेत."

माझा डावा कान सुजून गोळा झालाय, पैलवानाचा असतो तस्साच. न्हाई म्हणायचं सोडून मी मिशीवरनं हात फिरवला आन् सावकाश बोललो, "आपल्यापरीस जड गड्याला भिडतो, त्योच मोठा."

"तुम्ही भिडलात कधी?" सुमितनं विचारलं.

"व्हय तर!"

तेवढ्यात आमची म्हातारी चहा घेऊन आली. "मग सांगा की," ती म्हणाली, "दावं सोडताना म्हशीनं मान झटकली आन् शिंग कानावर बसलं ते."

माझी मान खाली गेली. पण निखिल उठला आन् वाकून माझ्या पाया पडला. "आजोबा, एवढ्या वरच्या गटात तर तो बॉक्सरसुद्धा गेला नाही!"

म्हातारीनं कप खाली ठेवला. "पाया पडायचं तर गोठ्यात जा, बाळा. जिंकली ती तितं बांधलीया."