उलटी फिरणारी रिंग

कॅमेऱ्याच्या दुकानात नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक फोटोग्राफर आणि त्याच धंद्यातली त्याची लेक, पायाशी जुन्या लेन्सची पिशवी.

"बाबा, नवा कॅमेरा माणसाचा डोळा आपणहून शोधतो."

"मला सापडत नाही, असं सरळ म्हण की!"

"तसं नाही हो. पण कंपनी बदलायची, तर सगळ्या लेन्स विकाव्या लागतील."

"विकू."

"शिवाय तुम्ही फोकस हातानेच करणार, आणि नव्या कंपनीच्या लेन्सची रिंग उलटी फिरते. तीस वर्षांची सवय आहे बोटांना. जाऊ दे, जुनंच बरं."

"मित्राचा हाच नवा कॅमेरा आणलाय मी, महिना झाला. तू कामाला गेलीस की शेजारच्यांच्या मांजरीचे फोटो काढतो."

"आणि मला पत्ताच नाही! जमतंय?"

"आधी नुसती धुरकट यायची. आता मिशा मोजून घे."

"खरंच?"

"हो. फक्त एक घोळ झालाय."

"काय?"

"काल आपला जुना हातात घेतला, तर बोटं भलतीकडेच फिरली. आता तो मला जमत नाही."

"बाबा..."

"रडतेस काय? लेन्सची पिशवी उचल."

काउंटरवरून हाक आली. नंबर माझा होता.

"आधी तुम्ही जा," मी म्हणालो.