आधी आई बसतील

हॅलो? … हां, बोल उज्ज्वला. … तुलाही गं, दसऱ्याच्या शुभेच्छा. … घरात कुठली, खाली पार्किंगमध्ये उभी आहे. गाड्यांची पूजा आत्ताच उरकली.

हो, हो… अगं ऐक ना. नव्या गाडीचीही झाली, पण नंतर. आधी त्या जुन्या गाडीची. … तीच, सासऱ्यांना त्यांच्या शेठने दिलेली, चौसष्ट सालची. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, तर सासूबाई ताट घेऊन सरळ तिच्याकडे. माझ्या गाडीला उरलेलं कुंकू.

… हसू नकोस.

हो ना, कॅमेरा आहे, एसी आहे, छत उघडतं. आणि तिची काच हाताने फिरवा. गिअर स्टेअरिंगला. उधन्याच्या पुलावर चढते तेव्हा मागच्यांना वाटतं वरात चाललीय. तरी अख्खी सोसायटी तिच्यापाशी फोटो काढतेय. फाफडा-जलेबीची पिशवीसुद्धा तिच्याच टपावर. आणि जाऊबाई, स्वाती, अशी टेकून उभी, जशी काही गाडी हिच्या माहेरून आलीय.

… विकास? माझा नवरा तिचाच बंपर पुसतोय. आपल्या गाडीला पंधरा दिवसांत एकदा फडकं नाही मारलं त्याने.

हो, जळतेय मी. तुझ्यापाशी काय लपवायचं.

… नाही ना काढलं प्लास्टिक. मागच्या सीटवर आधी आई बसतील, मग काढू, असं मीच बोलून बसले. पोरं रोज त्या प्लास्टिकवर चरचर करत शाळेत जातात. रोज म्हणते, आई, चला ना, एक चक्कर. तर गुडघे दुखतात. तिच्यात बसताना नाही दुखत.

आता? पर्वत पाटियाला, नणंदेकडे सोनं द्यायला. … तिच्यातच बसल्या. पुढे. सासरे चालवायचे तेव्हा बसायच्या तिथंच. आता कुंदन चालवतो, दीर माझा.

थांब… एक मिनिट.

सुरू होत नाहीये गं. … खरंच. घर्र करते नि बंद. … आनंद कसला, सणाच्या दिवशी… बरं, झाला थोडा. कुंदन बॉनेट उघडून म्हणतो, बे मिनिट. त्याची दोन मिनिटं मला माहितीयेत. स्वातीचं तोंड बघायला हवं होतंस.

उतरल्या. … अगं, इकडेच येतायत. ठेवू नकोस, दार उघडते. … या आई, सावकाश… डोकं सांभाळा. हां.

बसल्या. उज्ज्वला, बसल्या गं. … थांब, एसी लावते. … काय आई? … हो. … हो, बसा ना.

… हॅलो. … काही नाही. … म्हणाल्या, छान गार आहे, कुंदनची चालू होईपर्यंत बसते इथे.

… नाही गं, रडत नाहीये. … तो आवाज? तीच. झाली सुरू. … चल, ठेवते. आतून दार उघडता येत नाहीये त्यांना. मलाच उघडून द्यावं लागेल.