कामावरचे कपडे

(बाभुळगाव. नागपूरच्या दवाखान्यातून दोन दिवसांपूर्वी परतलेली सत्यशीला ओट्यावर बसली आहे. शेजारी तिचा नवरा धर्मपाल. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं पत्रे कापले.)

धर्मपाल: डॉक्टरनं तुले तीनदा इचारलं, कधी धुळीशी संबंध आला काय. तीनई खेपा तू नायी म्हनलं.

सत्यशीला: मंग? मी कारखान्यात कामाले गेलती काय?

धर्मपाल: तुले बाहेर बसवल्यावर त्यानं मले अन् आपल्या पोरीले, दीपाले सांगतलं. फुप्फुसाच्या अस्तराचा हा कॅन्सर लाखात एखाद्याले होते. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं. तीस-चाळीस सालानं निंघते म्हने. मंग मले इचारलं, तुमचे कामावरचे कपडे कोन धुत होतं?

सत्यशीला: मी. दुसरं कोन?

धर्मपाल: तुले माहीत होतं?

सत्यशीला: पयल्याच खेपेले नर्सबाईनं समजावलं.

धर्मपाल: अन् मले सांगतलं नायी.

सत्यशीला: सांगून काय होनार होतं? तुमी त्या दिवसापासून जेवले नसते.

धर्मपाल: काल मी भरपाईचं इचाराले कारखान्यात गेलतो. हापिसातल्या बाबूनं रजिस्टर पायलं. म्हने, धर्मपाल तुमीच नं, तुमी त धडधाकट दिसता. बाईचं नाव आमच्या हजेरीत नायी.

सत्यशीला: बरोबर हाय त्याचं. मी आंगनात बसून धुत होती. तिथं कोन हजेरी घेते?

धर्मपाल: धूळ माह्या आंगावर होती, शीला. मले काहून नायी झालं?

सत्यशीला: असं बोलू नोका.

धर्मपाल: दाराबाहेरच कपडे काढाले पायजे होते म्या.

सत्यशीला: तुमाले कोनं सांगतलं होतं? दर साली छातीचा फोटो काढत, धुळीवर उपाय म्हनून हातावर गूळ ठेवत. घरी काय घेऊन जाता, हे कोनं सांगतलं?

धर्मपाल: कोनीच नायी.

सत्यशीला: डॉक्टरले फोन लावा. मी खोटं बोलली म्हना. बावीस वर्षं, रोज, झटकून मंग धुतले, असं लिव्हून घ्या म्हना. अन् कारखान्याच्या सायबाचं बी सांगजा.

धर्मपाल: सायबाचं काय?

सत्यशीला: तुमीच त सांगत होते. साहेब रोज तिथंच आंघोळ करे, कपडे बदले, मंगच घरी जाये. कारखान्यात घातलेला शर्ट कधी गाडीत ठेवला नायी त्यानं.

धर्मपाल: ...त्याची बायको लय कडक असन, असं म्हनत होतो आपन.

सत्यशीला: हो. लय हासत होतो.