वाळू टाकलेलं वळण

— नाही नाही, बसा की आत, मोजून घ्या निवांत, कसली घाई आहे? मागची सीट ऐसपैस आहे, आणि बाळाची खुर्ची म्हणाल तर आमच्या ठमीची त्याच कोपऱ्यात लागायची — तो पट्ट्याचा वळ दिसतोय ना सीटवर, तिथेच. तुम्ही टेप घेऊन आलात हे बघूनच मला कसंतरी झालं. म्हणजे बरं वाटलं. मी ही गाडी घेताना फक्त रंग बघितला होता आणि आरशात मी कशी दिसते ते. कितवा चाललाय? सहावा? दिसत नाही हो अजिबात! मी सहाव्यात दारातून आडवी होऊन जायचे. ठमे, काकूंची पर्स सोड. सोड म्हटलं ना. ती माझीच आहे असं तिला वाटतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका — जगातली प्रत्येक पर्स तिचीच.

तर जाहिरातीत लिहिलंय ते शब्द न् शब्द खरं आहे. 'मागचा डिफरेन्शियल सुधारून घेतलेला, चिखलात अडकत नाही.' मीच लिहिलं ते, चार वेळा खोडून. तुमचंही घर कच्च्या चढावर आहे म्हणालात ना फोनवर, मग तुम्हाला काय वेगळं सांगायचं! ही गाडी मागच्या चाकांवर चालते. चिखलात एक चाक सटकलं की ते आपलं गरगर गरगर फिरत बसतं आणि दुसरं ढिम्म. का? तर इंजिनाचा जोर नेमका जे चाक मोकळं सुटलंय त्याच्याकडे पळतो, आणि ज्याचा पाय जमिनीवर आहे ते हात बांधून बघत राहतं. आमच्या घरात कामाची वाटणी अगदी अशीच आहे, त्यामुळे मला हे पटकन समजलं. हसा, हसा, खरंच आहे. आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचे ना, ठमी व्हायच्या आधी — वर्तुळातली गती, घर्षण, सगळं फळ्यावर काढून दाखवायचे रंगीत खडूंनी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त लांब जावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून दोघांना वेगवेगळं फिरू देणारी ती मधली पेटी, तोच डिफरेन्शियल. पोरं कंटाळायची. मला मात्र फार आवडायचा तो धडा.

हो, टायर. टायर जरा झिजलेत मागचे. जुने आहेत हो. पुढचे नाही झिजले? पुढचे — पुढचे नंतर बदललेत. नाही, बदलले नाहीत. थांबा, मला आठवून सांगू दे. असू दे, टायर काय, टायर बदलता येतात.

एक चक्कर मारू या ना, चालवून बघा तुम्ही. फाटकातून बाहेर, सरळ चढावरून खाली आणि सरळ वर. बास. चौकाकडे नको — नाही, तिकडे गर्दी असते. आत्ता नसते? असते हो, कधीही असते. आणि तो गोल चौक म्हणजे काय बघायचाय त्यात, गोल आहे झालं. खरी परीक्षा चढावर. बघा तर खरं कशी जाते, पाल भिंतीवर चढते तशी. मी पहिल्यांदा वर आले ना तेव्हा एकटीच ओरडले होते आनंदानं. त्याआधी खाली कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांना दर पावसाला हाक मारायची, ते बिचारे चप्पल घालून येणार, ढकलणार, पाटलोण चिखलानं भरणार, वर त्यांची सून खिडकीतून बघणार — माझी मान खाली. लाज वाटायची मला. आता वाटतं, तेवढीच लाज पुरली असती.

ती वाळू? ती वाळू ठमीला खेळायला. हो, वळणावरच, फाटकाशी. मुलं कुठेही खेळतात. नाही, पाय घसरेल तुमचा, तिथून नका जाऊ, कडेनं या. मी काल टाकली. म्हणजे ठमीनं टाकली, मी आणून दिली.

— ठमे! नको ना गं. काही नाही, ती गाडी-गाडी खेळतेय. सीटवर चढली की स्टिअरिंगचं चाक धरते आणि असा आवाज काढते. मांजराचा. नाही, मांजराचाच — बरं, तुम्ही म्हणाल तसं. बघा ना, बाकीची पोरं गाडी म्हटलं की घुर्रर्र करतात. आमची चिर्रर्र करते. चाक उजवीकडे फिरवलं की चिर्रर्र, डावीकडे फिरवलं की चिर्रर्र, सरळ धरलं की गप्प. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, हिला गाडीचा आवाज असा का वाटतो? मी म्हटलं, कल्पनाशक्ती.

तुम्ही एकदम अशा बघू नका हो माझ्याकडे.

कुठल्या कंपनीचा भाग बसवला? कंपनीचा असा नाही. खरा असतो ना, तो वळताना चाकांना थोडं सुटू देतो आणि सटकायला लागलं की दोघांना बांधून धरतो — तो बसवायचा होता. रात्र रात्र वाचलंय मी त्यावर, ठमी मांडीवर, एका हातात मोबाइल. नवऱ्याला कौतुक! ऑफिसात सांगत सुटला, माझ्या बायकोनं स्वतः अभ्यास करून शोधलंय म्हणून. नवा घेणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून भंगारात शोधला, तर एक मिळाला आणि त्याचे दात आमच्या ॲक्सलला बसेनात. झालं ना? तिथेच थांबायचं होतं मी — परत करायचा, नवऱ्याला सांगायचं, जमलं नाही बाबा. पण नवऱ्यानं तोवर पुरती जाहिरात केलेली माझी. मग मी वाचलं की लोक त्या मधल्या पेटीतले छोटे गिअर सरळ वेल्डिंग करून टाकतात. एकमेकांना चिकटवून. दोन्ही चाकं कायमची एक. स्वस्तात काम. शर्यतीवाले करतात, शेतात गाडी फिरवणारे करतात. खाली दर ठिकाणी एकच ओळ लिहिलेली असते — पक्क्या रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका. ती ओळ मी वाचली. दोनदा वाचली. आमच्या मेकॅनिकनं हात जोडले, मी नाही करणार म्हणाला. मग मी खिडक्यांचे गज करणाऱ्याकडे गेले. त्यानं विचारलंसुद्धा नाही हे काय आहे. मस्त जोडलं. गज जोडावेत तसं.

आणि नवऱ्याला सांगितलं, बसला भाग. त्याला अजून तेच वाटतं. 'सुधारून घेतलेला' हे त्याचेच शब्द आहेत, मी फक्त खोडले नाहीत.

नाही, चिखलात खरंच चांगली जाते. ते खोटं नाही. मातीवर, खडीवर चाकं गुपचूप घसरतात, कळतही नाही — म्हणून तर ती तिथे खडीवर उभी केलीय, तोंड फाटकाकडे करून. सिमेंटवर वळवली की आतलं चाक फरफटतं. कळलं? आतल्याला कमी जायचं असतं आणि बाहेरचं त्याला ओढत नेतं. मग ते ओरडतं. चिर्रर्र. रंगीत खडूनं काढून दाखवू? फाटकाशी वळणापुरतं सिमेंट आहे, तर तिथे वाळू. काल दुपारी ठमीला झोपवून मी घमेल्यानं वाळू टाकत होते आणि हातानं सारखी करत होते, रांगोळी घालावी तशी, आणि मनात म्हणत होते, हुशार आहेस हं तू. बाईंना कळणारसुद्धा नाही.

खुर्ची? 'लागायची' म्हटलं मी? — तुमचं लक्ष फार बारीक आहे हो. काढून ठेवलीय, धुवायला. धुवायलाच. बरं, नाही धुवायला.

चौकात झालं. रस्ता नुकता ओला झालेला, मी काही जोरात नव्हते, आईशप्पथ, सायकलवाला पुढे गेला माझ्या. वळवलं आणि मागची बाजू घसरत बाहेर निघाली. आपली आपण. जशी कुणी शेपटी धरून फिरवावी. थांबलो तेव्हा आमचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे होतं आणि समोर दुधाची गाडी, तिच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून — म्हणून मी तुमच्याशी बोलतेय. मागे वळून बघायची हिंमत होईना माझी. आणि मागून टाळ्या. ठमी टाळ्या वाजवत होती. म्हणते, आई, आणखी.

त्या दिवसापासून तिला मी गाडीत बसवत नाही. कडेवर घेऊन जाते बालवाडीत, चढ उतरून, चढ चढून, नवऱ्याला म्हणते व्यायाम होतो. गाडी लहान पडते, विकू या, असंही म्हटलं मीच. माझं पोर बसवत नाही मी हिच्यात. आणि तुम्ही मघाशी त्याच कोपऱ्यात टेप लावून मोजत होतात, जीभ दाताखाली धरून, मी धरायचे तशी, आणि मी इथे उभी राहून म्हणत होते — ऐसपैस आहे. माझ्याच तोंडून. ऐसपैस आहे म्हणे.

काही बोलू नका. प्लीज. तुम्ही 'होतं असं' म्हणणार आहात, तुमचा चेहराच तसा आहे, आणि ते मला ऐकवणार नाही. नाही, कमी किमतीतही नाही देणार. दुरुस्त करून? ते माझं मी बघेन, त्या मेकॅनिकपुढे जाऊन उभी राहीन, घालू दे त्याला काय शिव्या घालायच्यात त्या. तुम्ही दुसरी बघा. आणि कुठेही बघायला जाल ना, तिथे गाडी सिमेंटवर गोल फिरवायला लावा, दोन्ही बाजूंना, आणि काच खाली करून ऐका. मालकीण कितीही गोड बोलली तरी.

फोन वाजतोय. नवऱ्याचाच असणार — गेली का गाडी, म्हणून. वाजू दे. नाही, उचलते, उचलायलाच हवा, आज नाही सांगितलं तर उद्या मी पुन्हा वाळू आणेन, मला ठाऊक आहे मी कशी आहे ते. निघा तुम्ही. हळू, त्या वळणावरून नका — बरं, आता जा कुठूनही. ठमे, काकूंना टाटा कर. आणि तो कोपऱ्यातला झाडू आण बघू आईला.

हॅलो — हो. आल्या होत्या. ऐक ना —