मोडलेली कलमं उभी केली तेव्हा

अगं, काय झालं ते ऐक तरी! वादळानं कैनाडच्या आमच्या नर्सरीतली चिकूची कलमं जोडातूनच मोडली. सासूबाईंना पडलेलं रोप बघवत नाही. त्यांनी सवयीनं एकेक उचलून सुतळीनं काठीला बांधलं, वर पाणीही घातलं. दुपारी तलाठी पंचनाम्याला आले.

"हिरवीगार उभी आहेत की! नुकसान कुठंय?"

हे 'नुकसान नाही' लिहून गेले, की परवा सगळी वाळणार आणि सरकारी मदतही बुडणार.

सासूबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, कुठलीही एक सुतळी सोडून बघा."

तलाठ्यांनी सोडली, तर शेंडाच हातात आला. पांढरेफटक पडले बिचारे.

"आजी, मी नाही हं तोडलं!"

"मग कोणी तोडलं, तेवढंच लिहा."