भाऊबिजेच्या लुगड्यांची वाकळ

(माण गाव. भाडेकरूंच्या इमारतीचा तळमजला. मालकांच्या दाराची लोखंडी जाळी आतून बंद. बाहेर चिमाबाई, काखेत गाठोडं. जाळीच्या आत तिच्या भावाची, म्हसूची, सून करिष्मा.)

करिष्मा : जाळी उघडणार नाही म्हटलं ना आत्या. एकदा सांगून कळत नाही का?

चिमाबाई : नगं उघडू. हितंच बसती पायरीवर. भावाच्या दारात बसायला तुझी परवानगी लागत न्हाई मला.

करिष्मा : बसा की. वर सगळे कंपनीतले लोक राहतात, येता-जाता बघतील. मला काय त्याचं!

चिमाबाई : बघू देत. ही पायरी हाय ना, तितं आमची मेंढरं बसायची. लेंड्या गोळा करतच म्या हितं मोठी झाली. मला कसली लाज?

करिष्मा : झालं! आल्या मेंढरांवर. अहो, कधीची विकली आबांनी ती. अजून तेच धरून बसलाय?

चिमाबाई : त्याच्या मेंढरांचं त्यानं काय बी करावं. पर माझ्या लग्नात बापानं मला मेंढ्या दिल्या व्हत्या. सासरी चांद्यात राखायला कुणी न्हाई, म्हणून म्या त्या म्हसूच्याच कळपात ठेवल्या. त्या सुदीक इकल्या त्यानं, आन वर ह्या खोल्या चढवल्या. सख्ख्या बहिणीला एका शब्दानं तरी इचारावं का न्हाई?

करिष्मा : म्हणून तुम्ही भाऊबिजेचं लुगडं परत धाडलंत. तेपण टेंपोवाल्याच्या हातनं! मी नवी नवरी होते तेव्हा. आबा ते लुगडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले, दिवसभर जेवले नाहीत. मी विसरलेले नाही.

चिमाबाई : म्या तरी कुटं इसरलीया?

करिष्मा : आणि आता त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला न्यायचं, उचलून आणायचं, अंग पुसायचं, सगळं मी आणि तुमचा भाचा करतोय. तुम्ही एकदा तरी फिरकलात? चांदं काय लंकेत आहे का?

चिमाबाई : कळवलंस मला? दूधवाल्याच्या तोंडनं कळलं! साऱ्या गावाला सांगितलंत, बहिणीला तेवढं सोडलंत.

करिष्मा : आबांनीच नको म्हटलं होतं. म्हणाले, तिला सांगू नका, कीव कराया यील.

चिमाबाई : कीव? म्या त्याची कीव करीन व्हय? राग हाय माझा त्याच्यावर. आजबी हाय, उद्याबी राहील. पर दूधवाला म्हणला, रक्त धुऊन आणल्यावर त्याला हुडहुडी भरती, भर उन्हात दातावर दात आपटत्यात. मग बसवंना. सुई घेतली हातात.

करिष्मा : ब्लँकेट आहे त्यांना. चांगलं जाड, केसाळ.

चिमाबाई : जड आसंल ते. आजारी माणसाचा जीव घुसमटतो त्यात. ही वाकळ बघ. बघ तरी! जाळीतनं हात घाल.

करिष्मा : जुन्या कापडानं इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी बजावलंय.

चिमाबाई : उकळत्या पाण्यात घातली समदी, मग शिवली. शिवून झाल्यावर पत्र्यावर उन्हं दाखवली. आमी काय उकिरड्यात राहतो का?

करिष्मा : तसं नाही म्हटलं मी. आणि आवाज खाली घ्या, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा... थांबा. हे डाळिंबी काठाचं. हे मी बघितलंय. आमच्या भिंतीवर फोटो आहे, तुम्ही आबांना ओवाळताय, त्यात हेच नेसलाय. आत्या, ही लुगडी कुठली?

चिमाबाई : माझीच की. म्हसूनं घेतलेली, पयल्या भाऊबिजंपासनं. लोकरीला चांगला भाव आला, त्या साली हे डाळिंबी काठाचं घेतलं त्यानं. हे दुष्काळातलं, बघ कसं इरळ हाय. सुती व्हती ती आतल्या थराला घातली. वापरून वापरून पार लोण्यावानी झाल्यात.

करिष्मा : सगळी? सगळी फाडलीत?

चिमाबाई : मग? फाडल्याबिगर वाकळ व्हती का?

करिष्मा : कमाल आहे बाई तुमची! एक परत धाडून मन भरलं नाही, म्हणून आता सगळीच घेऊन आलात? भावाची ओवाळणी कोण परत करतं हो? नातं तोडायचं असलं की करतात. आणि तेपण अंथरुणावर पडलेल्या माणसाला!

चिमाबाई : न्हाई गं. तसं न्हाई.

करिष्मा : मग कसं? सांगा ना.

चिमाबाई : म्या... माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दिवाळीपासनं शिवतीया, डोळ्याला धड दिसत न्हाई तरी शिवतीया, पर एकदाबी मनात आलं न्हाई बघ. मला आपलं वाटलं, त्यानंच दिलेलं, माझ्या अंगावर मऊ झालेलं, त्याला तेच बरं वाटंल. दुसरं मऊ काय हाय माझ्यापाशी?

करिष्मा : घेऊन जा ती. पाया पडते तुमच्या. त्यांनी बघितली तर हाय खातील.

म्हसू : (आतल्या खोलीतून) करिष्मा... कोण हाय गं दारात?

करिष्मा : कोणी नाही आबा! भाडेकरू आहेत. पाणी आलं नाही म्हणून विचारायला आलेत.

चिमाबाई : कोणी न्हाई? माझ्या तोंडावर खोटं बोलतीस? म्हसू! म्या हाय रे. चिमी!

म्हसू : ...मेंढ्या मागाया आलीस?

चिमाबाई : मेल्या, अंथरूण धरलंस तरी जीभ हाय तशीच! पांघरूण आणलंय तुला. वाकळ शिवलीया.

म्हसू : कशाची?

करिष्मा : आत्या, नका सांगू. हात जोडते.

चिमाबाई : तू घेतलेल्या लुगड्यांची.

म्हसू : ...म्हंजी परत कराया आलीस. बरं झालं. मिटलं एकदाचं.

करिष्मा : ऐकलंत? झालं समाधान? आता तरी उठा.

चिमाबाई : तू गप गं! व्हय रे म्हसू, परत कराया आली. समदी परत! पेटीत आता तुझी एक चिंधीबी ठेवली न्हाई. मग येत्या भाऊबिजंला म्या काय नेसून ओवाळू तुला? सांग की! ही पांघर, रक्त धू, औषधं गीळ, काय करायचं ते कर. पर दिवाळीला उठून बसायचं आन मला नवं घ्यायचं. दुकानात तू सोता जायचं. सुनंला धाडलेलं चालणार न्हाई.

करिष्मा : आत्या, अहो, त्यांना दारापर्यंत चालवत नाही, दुकानात कुठले...

चिमाबाई : म्या माझ्या भावाशी बोलतीया.

म्हसू : करिष्मा, कडी काढ.

करिष्मा : आबा, खरंच काढू?

म्हसू : काढ म्हणतो ना. गारठलोय मी... चिमे.

चिमाबाई : काय?

म्हसू : रंग आत्ताच सांग. मागनं नाक मुरडलंस, तर बदलून आणणार न्हाई.